केजमधला एकुलता एक टब

आमच्याकडे उन्हाळा कॅलेंडर बघून येत नाही, नळाच्या आवाजातून येतो. आधी धार बारीक होते. मग नळ म्हाताऱ्या माणसासारखा घसा खाकरतो, दोनदा ठसकतो, आणि एक लांब सुस्कारा टाकून गप्प बसतो. तो सुस्कारा ऐकला की केजमधली कुठलीही बाई अंगावरचं पांघरूण फेकून उठते. यंदा तो मी फाल्गुनातच ऐकला. आता वैशाख चालू आहे, नळ दहा दिवसांतून एकदा येतो, आणि माझ्या दारातला टब काठोकाठ भरलेला आहे.

हो, टब. आंघोळीचा, पांढरा, परदेशी हॉटेलांत असतो तसला. अख्ख्या केजमध्ये असा एकच असावा. तो माझ्या न्हाणीघरात नाही, दारात आहे, लिंबाच्या सावलीत. त्यावर सुताराकडून मापानं करून घेतलेलं लाकडी झाकण आहे. आजवर त्यात कुणी आंघोळ केलेली नाही. तो मी आंघोळीसाठी घेतलाच नव्हता. सूड उगवायला घेतला होता.

यंदा माझा मुलगा बंडू बायकापोरांना घेऊन स्वित्झर्लंडला निघालाय. जायच्या आधी त्याची आठ वर्षांची ईरा माझ्याकडे पंधरा दिवस राहायला आली होती. सुनेनं फोनवर तिला काय काय दाखवून पाठवलं होतं कुणास ठाऊक, आल्या आल्या तिनं मला विचारलं, "आज्जी, तूपण गेली होतीस ना तिकडं? काय काय बघितलंस?"

मी म्हटलं, "एक घड्याळ, पाच लेकरं आणि एक टब."

"आणि बर्फ?"

"बर्फ बघितला की. वहिनीसाहेबांच्या बुटावर."

त्या साली मी सत्तावीस वर्षांची होते आणि अक्कल सात वर्षांची. आमचे हे दूध संघाचे संचालक होते. दुष्काळ असा होता की विहिरींच्या तळाशी पोरं क्रिकेट खेळत. जनावरं छावणीत बांधलेली, संघाचं संकलन निम्म्यावर आलेलं. तेव्हा संचालकांच्या बैठकीत ठरलं की दूध का घटलं याचा अभ्यास करायला स्वित्झर्लंडला जायचं. दूध कावून घटलं ते छावणीतल्या कुठल्याही म्हशीनं सांगितलं असतं, पण तिला बैठकीला बोलावलं नव्हतं.

चेअरमनसाहेबांच्या मंडळींनी, म्हणजे वहिनीसाहेबांनी, मीपण येणार म्हटलं. लेकरं कुठं ठेवू म्हणून तिन्ही लेकरंही घेतली. मग बाकीच्या तिघा संचालकांच्या बायकांनी का मागं राहावं? मी तर तीन दिवसांत गल्लीतल्या एकूण एक घरी जाऊन आले. कुणी विचारलं नाही तरी सांगून आले. आरशासमोर उभी राहून "थँक्यू" म्हणायचा सराव केला, तोही मान तिरकी करून. नवी पर्स घेतली. त्यात ठेवायला काहीच नव्हतं म्हणून शेंगदाण्याची चटणी ठेवली. निघताना सासूबाईंच्या पाया पडले तर त्या म्हणाल्या, "जनावरं छावणीत अन् माणसं इमानात. जा बाई, जा." आणि तोंड फिरवून घेतलं. मला वाटलं, म्हातारी जळते. आता त्यांच्या वयाची झालेय तर कळतं की त्या जळत नव्हत्या, त्यांना लाज वाटत होती. मला वाटायला हवी होती, ती त्यांना वाटत होती.

तिकडचं गाव डोंगराच्या कुशीत होतं. सगळं हिरवं, इतकं की बघून मला पहिल्यांदा रागच आला. एवढं गवत, आणि खायला गाई किती, तर इनमिन पंधरा! छायाला, माझ्या मोठीला, तेव्हा सातवं होतं आणि बंडूला चौथं. बंडू त्या कमोडवर बसायला तयार नव्हता, आत पडेन म्हणायचा. त्याचे दोन्ही हात धरून मी समोर उकिडवी बसलेली असायची. परदेशात मी सगळ्यात जास्त वेळ बघितलेलं दृश्य ते.

पहिल्या दिवशी दुपारी खोलीत शिरलो. हे कॉटवर आडवे झाले. मी न्हाणीघराचं दार उघडलं आणि नळ सोडला. धार अशी आली, अशी आली, की अंगावर शिंतोडे उडाले. आमच्या भागात एवढी जोरात धार आली की बाईच्या मनात एकच विचार येतो: आता पाणी जाणार. मी पदर खोचला. आधी टब भरला. मग तोंड धुवायचं भांडं बूच लावून भरलं. मग दात घासायचे चार पेले, बर्फाची बादली, फुलं काढून फुलदाणी, पोरांच्या बाटल्या, आणि शेवटी पर्समधला चटणीचा डबा रिकामा करून तोही. पेल्यांवर बशा झाकल्या. टबावर हॉटेलचे मोठे टॉवेल अंथरले, धूळ पडू नये म्हणून. तिथं धूळ नव्हतीच, पण मला काय ठाऊक.

संध्याकाळी दाराखालून एक कागद आत सरकला. तिथल्या भाषेत तीन ओळी. ह्यांनी उलटसुलट बघितला आणि म्हणाले, "धोब्याचे दर असतील." बंडूनं त्याची होडी केली आणि टबात सोडली.

तेवढ्यात वहिनीसाहेब जेवायला बोलवायला आल्या. हात धुवायला म्हणून आत गेल्या आणि तिथूनच जे हसत सुटल्या ते अख्ख्या मजल्याला ऐकू गेलं. "अहो, या, या, सगळे या! आमच्या कुसुमनं हितं छावणी काढलीय! आता दावणीला फक्त जनावरं बांधायची राहिली!"

चार खोल्यांतली माणसं माझ्या न्हाणीघरात गोळा झाली. कुणी टॉवेल उचलून बघतोय, कुणी पेल्यावरची बशी. चेअरमनसाहेब म्हणाले, "टँकरचा नंबर लावला का?" हेपण हसले. आणि मी? मीपण हसले. सगळ्यांत मोठ्यानं हसले. त्या बावळट कुसुमचं मला हेच सहन होत नाही. टब भरला, त्याची मला अजिबात लाज नाही. हसली कशाला?

दुसऱ्या दिवशी पहाट उलटताना मी गाढ झोपेत ऐकलं: खाकर, ठसका, ठसका, आणि लांब सुस्कारा. मी उठून बसले. क्षणभर वाटलं, केजमध्येच आहे. ह्यांना हलवलं. "अहो, पाणी गेलं."

"स्वित्झर्लंडात कुठं पाणी जातंय? झोप."

पण गेलं होतं. कागदावर तेच लिहिलं होतं, गावातला मोठा नळ दुरुस्त करणार म्हणून. हे आम्हाला नंतर कळलं, आणि तोवर तो कागद माझ्या टबात तरंगत होता.

थोड्या वेळानं दारावर थापा पडल्या. उघडलं तर वहिनीसाहेब. अंगाला हॉटेलचा टॉवेल गुंडाळलेला, डोकं शिकेकाईनं माखलेलं, डोळे घट्ट मिटलेले, आणि हात धरून त्यांना ओढत आणणारी त्यांची लेक. मागं पांढऱ्या गालिच्यावर त्यांच्या दारापासून माझ्या दारापर्यंत तपकिरी ओघळ. समोरून एक गोरं म्हातारं जोडपं चाललं होतं. त्यांनी भिंतीला चिकटून वाट दिली.

"कुसुम, पाणी! आगं डोळे गेले माझे, पाणी!"

ज्यांच्या डोळ्यात शिकेकाई गेलीय त्यांनाच ती आग माहीत. मी त्यांना टबाशी वाकवलं आणि पेल्या-पेल्यानं डोळे धुतले. हलक्या हातानं, आईनं धुवावेत तसे. त्या वेळी मनात एवढासुद्धा राग नव्हता. उलट बरं वाटत होतं, वाटत होतं की आता ह्या मला मानणार. तिकडून चेअरमनसाहेबांच्याही हाका चालू होत्या. त्यांना पाण्याची निकड कोणत्या कारणानं लागली होती ते सांगत नाही. एवढंच सांगते की त्या देशात त्या कामाला कागद ठेवतात, आणि आपल्या माणसाचं कागदावर भागत नाही. बर्फाची बादली भरून बंडूबरोबर पाठवली. मग बाकीच्या खोल्या आल्या. दुपारी पाणी येईपर्यंत तेरा माणसं माझ्या टबावर जगली.

डोळे उघडता आल्यावर वहिनीसाहेबांनी सगळ्यात आधी काय केलं असेल? बंडूला जवळ ओढलं, माझा हात धरला आणि त्याच्या डोक्यावर ठेवला. "शपथ घे. हे मी असं आलते, ते कुणाला सांगायचं न्हाई. कुणालाच न्हाई. लेकराची शपथ."

मी घेतली. चार वर्षांच्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ. आमच्यात ती मोडत नाहीत. मोडली आणि लेकराला साधा ताप आला तरी बाई जन्मभर स्वतःला खाते.

त्याच दिवशी सगळे तारेवरच्या झुलत्या पाळण्यातून डोंगरावर बर्फ बघायला गेले. "कुसुम, तुला लेकरांची सवय हाय," म्हणत वहिनीसाहेबांनी आपली तिन्ही माझ्यापाशी सोडली. खालच्या ठेसनात मी पाच लेकरं घेऊन बसले. भिंतीवर एक घड्याळ होतं, त्यातून दर तासाला पक्षी बाहेर येऊन ओरडायचा. चारदा ओरडला. मग मंडळी खाली आली, गाल लाल, बुटांवर पांढरं पांढरं. मी खाली वाकून वहिनीसाहेबांच्या बुटाला बोट लावून बघितलं. तोवर त्याचं पाणी झालं होतं.

गोठाही बघितला. तिथं भिंतीला लोखंडी वाट्या बसवलेल्या. गाईनं नाक दाबलं की वाटीत आपोआप पाणी येतं. छाया त्या वाट्यांपाशी तासभर उभी होती. परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही छावणीत गेलो. आमची तांबडी हाडाची मोळी होऊन उभी होती. छायानं एक पत्र्याचं घमेलं आणलं, तांबडीचं नाक धरलं आणि त्यात दाबलं. पुन्हा दाबलं. "आई, येईना गं." छावणीतले लोक बघत होते. मी पर्स पदराआड धरली. त्या दिवशी सासूबाईंची लाज माझ्यापर्यंत पोचली, आणि तेव्हापासून ती माझ्याकडेच आहे. तिचं उट्टं कुणावर काढणार? ते माझं माझ्यावरच.

पण दुसरं जे आहे, ते माझ्यावरचं नाही.

त्या वर्षीच्या संक्रांतीला वहिनीसाहेबांकडे हळदीकुंकू होतं. पन्नास-साठ बायका. तिळगूळ वाटून झाला आणि वहिनीसाहेबांनी सुरू केलं, "आगं आमची ही कुसुम! हिनं स्वित्झर्लंडला काय केलं असंल?" आणि मग टब, पेले, बशा, फुलदाणी, चटणीचा डबा. आणि "छावणी काढलीय" वर गोष्ट संपली. बायका लोळायच्या बाकी राहिल्या. मी वहिनीसाहेबांकडे बघत होते. त्यांना ठाऊक होतं की मी तोंड उघडू शकत नाही. तोंडाला कुलूप माझ्या, आणि किल्ली त्यांच्या कमरेला.

ती गोष्ट मग लग्नांत गेली, बारशांत गेली, अंबाजोगाईला त्यांच्या माहेरी गेली. मला "टबवाली" म्हणू लागले. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "कावून मनाला लावून घेतीस? हसायलेत तर हसू दे." पुढच्या निवडणुकीत ह्यांना पॅनेलमध्ये जागा हवी होती. एका संक्रांतीला वहिनीसाहेब म्हणाल्या, "कुसुम, तूच करून दाखव की." आणि मी पदर खोचून उभी राहिले आणि पेल्यांवर बशा कशा झाकल्या ते करून दाखवलं. नकला केल्या, स्वतःच्या! टाळ्या पडल्या. त्या कुसुमला आज माझ्यासमोर आणा, तिच्या दोन थोबाडीत देते आणि मग वहिनीसाहेबांकडे वळते.

छायाला बघायला पाहुणे आले तेव्हा मुलाच्या आत्यानं पोह्याची बशी हातात घेता घेता विचारलं, "टबवालीचीच ना ही?" सगळे हसले. लग्न जमलं नाही. त्याचं कारण ते नव्हतं, पत्रिका जुळली नव्हती. पण छाया तीन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि ते तीन दिवस मी मोजून ठेवलेत.

केजमध्ये घर बांधलं तेव्हा मी एकच वस्तू मागितली. गवंडी म्हणाला, "मावशी, न्हाणीत बसणार न्हाई हे."

"न्हाणीत न्हाई बसवायचा. दारात बसव."

ह्यांनी डोक्याला हात लावला. मला काय करायचं होतं? जिला मला हसायचंय तिनं माझ्या दारात येऊन, वस्तू समोर ठेवून हसावं. दर उन्हाळ्यात तो टब भरायचा, आणि गल्ली त्यातून दोन-चार कळशा न्यायची. जी बाई त्यातलं पाणी प्यायली ती पुन्हा मला टबवाली म्हणाली नाही. एवढं साधलं. पण वहिनीसाहेब काही आल्या नाहीत. त्यांच्या बंगल्यात दोन बोअर होते.

यंदा दोन्ही आटले. चेअरमनसाहेब गेल्याला बरीच वर्षं झाली, संघ त्याच्या आधीच बसला. लेकरं पुण्या-मुंबईला. बंगल्यात एकट्या वहिनीसाहेब. टँकरपाशी रेटारेटीत उभं राहणं त्यांना जमत नाही. चैत्राच्या शेवटी एका सकाळी मी लिंबाखाली बसलेले, तर त्या आल्या. हातात काठी, दुसऱ्या हातात संघाच्या वेळची ॲल्युमिनियमची दुधाची किटली.

"कुसुम, किटलीभर पाणी देतीस का?"

पाण्याला नाही म्हणायचं नसतं, एवढी माणुसकी माझ्यात आहे. झाकण सरकवलं. "बुडवा की, वहिनीसाहेब. तुमचंच हाय." त्यांनी टबाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग किटली बुडवली. खुर्ची दिली, चहा दिला. पाण्याला आलेल्या गल्लीतल्या चार-सहा बायका होत्याच. आणि सवयीनं म्हणा, खोड म्हणा, वहिनीसाहेब म्हणाल्या, "आगं ह्या टबावरून आठवलं. हिनं स्वित्झर्लंडला काय केलं असंल?"

सांगितलं सगळं, बशा-पेल्यांसकट. "छावणी काढलीय" वर थांबल्या. बायका जरा हसल्या, माझ्या तोंडाकडे बघत.

मी म्हटलं, "पुढं?"

"पुढं काय? झालं की."

"बरं," मी म्हटलं, आणि किटली त्यांच्या बंगल्यापर्यंत पोचवून आले. माझ्या शपथेत बोलायची बंदी होती. विचारायची नव्हती, हे मला तीस-बत्तीस वर्षांनी सुचलं. लवकर सुचतं तर मी कुसुम कसली!

दुसऱ्या दिवशी आल्या. "पुढं?" तिसऱ्या दिवशी गोष्टच काढली नाही त्यांनी, तर मीच म्हटलं, "वहिनीसाहेब, ती टबाची गोष्ट सांगा ना, ह्या नव्या सूनबाईंनी ऐकली न्हाई." टबाकाठी बसून, त्याच टबातल्या पाण्याचा चहा पिऊन, न सांगून करतात काय? "पुढं?" त्यांनी कप रिकामा केला आणि किटली उचलली.

मग ईरा आली. तिला मी आदल्या दिवशी कैऱ्या चिरता चिरता पढवून ठेवलं. फक्त एक प्रश्न. नात असते कशासाठी?

वहिनीसाहेबांची गोष्ट संपली, आणि ईरानं मान तिरकी करून विचारलं, "मग त्या पाण्याचं काय केलं?"

इतक्या संक्रांती, इतकी लग्नं, आणि हा साधा प्रश्न एकाही शहाण्या बाईला पडला नव्हता. एक टबभर पाणी भरून ठेवलं, मग त्या पाण्याचं झालं काय?

वहिनीसाहेबांनी कप खाली ठेवला. लिंबाची एक पिवळी काडी टबात पडून गिरकी घेत होती.

"डोळ्यात शिकेकाई गेलती माझ्या," त्या म्हणाल्या. अगदी हळू. "नळाला पाणी न्हवतं. कुणाकडंच न्हवतं, हिच्याकडं होतं." मग सुरात आल्या. सांगायची हातोटी त्यांची पहिल्यापासून. टॉवेल आला, गालिच्यावरचे ओघळ आले, भिंतीला चिकटलेलं म्हातारं जोडपं आलं. "आन् हिनं माझे डोळे धुतले. आन् मी हिला लेकराची शपथ घातली, की हे सांगू नगंस."

आधी कुणी हसेना. मग नवी सूनबाई फिस्सकन हसली आणि सगळ्या सुटल्या. खूप वेळ हसल्या. माझ्यावर नाही.

वहिनीसाहेब माझ्याकडे वळल्या. "झालं का समाधान, कुसुम?"

"न्हाई," मी म्हटलं. "चेअरमनसाहेबांचं राहिलं."

तुम्हाला वाटेल, म्हातारी आता विरघळेल. गळ्यात गळा घालतील दोघी. तसं काही झालं नाही. त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं म्हणजे माझी शपथ सुटली, म्हणून तर हे लिहितेय. पण अर्धी गोष्ट जितक्यांदा सांगितली तितक्यांदा आता पुरी सांगायला हवी, असा माझा हिशोब आहे. आणि छायाचे तीन दिवस वेगळे. वहिनीसाहेब रोज येतात. मी रोज बुडवा म्हणते, खुर्ची देते, चहा देते, आणि "पुढं?" म्हणते. पलीकडच्या गल्लीतल्या बायकासुद्धा हल्ली त्याच वेळेला कळशी घेऊन येतात.

काल किटली उचलता उचलता त्यांनी आभाळाकडे बघितलं. येरमाळ्याच्या बाजूनं काळं भरून आलं होतं, मातीचा वास वाऱ्यावर होता. "आठवड्याभरात पडंल आता," त्या म्हणाल्या. "बोअरला पाणी आलं की मग न्हाई यायची मी."

त्या काठी टेकत वळणापर्यंत गेल्या. मी टबावर झाकण सरकवलं. दुष्काळात जन्मले, दुष्काळात नांदले, पावसासाठी हात जोडण्यात सगळा जन्म गेला. काल पहिल्यांदा, आजूबाजूला कुणी नाही असं बघून, मी आभाळाला म्हटलं, आठ दिवस थांब रे बाबा. चेअरमनसाहेबांचा भाग त्यांना अजून नीट सांगता येत नाही.